कच्च्या भांड्यांची उतरंड

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

उतरंड हा शब्द आता आपल्या घरातून निघून गेला आहे. शब्दकोड्यात तेवढा अधूनमधून भेटतो. एकावर एक रचलेल्या मडक्यांची चळत म्हणजे उतरंड. खाली मोठा डेरा, त्यावर घागर, घागरीवर मडकं, मडक्यावर गाडगं आणि सगळ्यात वर झाकण म्हणून एखादं परळ. घरात कपाटं नव्हती, तेव्हा डाळी, बियाणं, पापड-कुरडया आणि बाईमाणसानं नजरेआड ठेवलेले चार पैसे, हे सगळं या उतरंडीच्या पोटात असायचं. आमच्या नानीच्या घरात अशी उतरंड होती. पैसे नेहमी खालून दुसऱ्या मडक्यात असत. ते काढायचे तर वरची सगळी मडकी एकेक करून उतरवावी लागत आणि तेवढ्यात घरातलं कुणीतरी जागं होईच. तिजोरीची किल्ली हरवते, उतरंडीला किल्लीच नव्हती.

आज मात्र मला दुसऱ्या एका उतरंडीबद्दल बोलायचं आहे. ती घरात नसते, कुंभाराच्या भट्टीत असते आणि फार तर दोन-तीन दिवस टिकते. ती असते कच्च्या, अजून आग न पाहिलेल्या भांड्यांची. कुंभारकामाचा विषय निघाला की आपण सगळे चाकाबद्दल बोलतो. ते स्वाभाविकच आहे. चाक फिरतं, मातीचा गोळा बघता बघता उभा राहतो, बघायला माणसं जमतात. त्यानंतर आपण आगीबद्दल बोलतो, कारण आगही डोळ्यांत भरते. या दोहोंच्या मधलं काम कुणी बघत नाही. ते काम म्हणजे भट्टी भरणं, भांडी रचणं. तिथे टाळ्या नाहीत, ज्वाळा नाहीत. वाकून वाकून कंबर मोडते आणि दिसायला काहीच दिसत नाही. पण महिनाभर चाकावर केलेली मेहनत कामी येणार की वाया जाणार, हे बरंचसं त्या चार-पाच तासांत ठरतं.

आधी थोडं शब्दांबद्दल. झिलईची भांडी करणारे लोक बहुधा भांडं दोनदा भाजतात. पहिल्यांदा नुसती माती भाजायची, मग तिच्यावर झिलई, म्हणजे आजच्या भाषेत ग्लेझ चढवायचं आणि पुन्हा भाजायचं. या पहिल्या भाजणीला इंग्रजीतून आलेलं नाव आहे बिस्क किंवा बिस्किट फायरिंग. गंमत अशी, की बिस्किट या शब्दाचा मूळ अर्थ ‘दोनदा भाजलेलं’ असा आहे. आपल्या बेकरीतला टोस्ट हा त्या अर्थानं खरा बिस्किट. आधी पाव म्हणून भाजतात, मग कापून पुन्हा भाजतात. कुंभाराचं बिस्किट मात्र एकदाच भाजलेलं असतं. नाव चुकलं ते चुकलं, पण रुळलं. आपल्याकडे भाजणी म्हटलं की थालीपीठ आठवतं. आठवू द्या. तिथेही घाई केली की धान्य बाहेरून करपतं आणि आत कच्चं राहतं. म्हणून मी या कामाला ‘पहिली भाजणी’ म्हणणार आहे.

या पहिल्या भाजणीचा ताव साधारण नऊशे ते एक हजार अंश सेल्सिअसच्या आसपास असतो, कधी थोडा वरही. इतक्या तापात माती दगडासारखी होते, पण तिची छिद्रं बुजत नाहीत. म्हणून झिलईचं पातळ मिश्रण ती टीपकागदासारखी शोषून घेते. पहिली भाजणी केली नाही तरी चालतं, कच्च्यावरच झिलई लावणारेही आहेत. पण त्यात जोखीम फार. पहिल्या भाजणीनंतर भांडं हातात धरता येतं, बुडवता येतं, पुसता येतं. त्याला धीर आलेला असतो.

त्याआधीचं भांडं कसं असतं, ते सांगते. चाकावरचं ओलं भांडं दाबलं तर वाकतं. पूर्ण वाळलेलं भांडं दाबलं तर मोडतं. दिसायला मात्र ते चांगलं टणक दिसतं, आणि तिथेच नवखा माणूस फसतो. कपाचा कान धरून उचलाल तर कान हातात येतो. वाडग्याचा काठ चिमटीत धराल तर काठाचा चंद्रकोरीएवढा तुकडा निघतो. ते बुडाशी दोन्ही हात लावून उचलायचं, तान्हं मूल उचलतात तसं. एक गोष्ट मात्र त्याच्या बाजूची असते. कच्चं भांडं मोडलं तर त्याचे तुकडे पाण्यात टाका, थोड्या वेळानं चिखल होतो आणि त्याच मातीचं नवं भांडं करता येतं. आगीत गेल्यावर ही सोय संपते. भाजलेल्या मातीचा पुन्हा चिखल होत नाही. मोडलं तर खापर, आणि ते खापर हजारो वर्षं खापरच राहतं. म्हणजे भट्टी भरण्याची वेळ ही परतीच्या वाटेवरची शेवटची वेळ. त्यानंतर दुरुस्ती नाही.

माझी भाची मातीची भांडी करते. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तिची विजेची भट्टी आहे. कमरेएवढी खोल, वरून झाकण उघडणारी, आतल्या भिंतींत तारांची वेटोळी. भट्टी भरायची असली की मी तिच्या मदतीला जाते. मदत म्हणजे भांडी एकेक करून तिच्या हातात देणं. कविता लिहिणाऱ्या बाईला याहून जास्त काम देऊ नये, हे तिला कळतं. “खाला, गालाला लावून बघा,” असं ती प्रत्येक जाड भांड्याच्या वेळी सांगते. भांडं गालाला गार लागलं तर त्यात अजून ओल आहे, ते आज आत जायचं नाही. हाताला जे कळत नाही ते गालाला कळतं. बाजारात यंत्रं आहेत, पण हे यंत्र प्रत्येकाकडे फुकट आहे.

मग रचणं सुरू होतं. तिचे काही नियम आहेत, आणि ते तिनं शोधलेले नाहीत. माती भाजणाऱ्या सगळ्यांना कमी-अधिक फरकानं ठाऊक आहेत. पहिला नियम, जड आणि जाड भांडी खाली. दुसरा, भार नेहमी बुडावर यावा, काठावर आणि पोटावर येऊ नये. वाडग्यात वाडगा ठेवायला हरकत नाही, पण आतल्या वाडग्याचं बूड बाहेरच्या वाडग्याच्या तळावर टेकलं पाहिजे. तो मध्येच भिंतींना अडकून राहिला तर पंचाईत. भाजताना माती किंचित आक्रसते. बाहेरचा वाडगा आक्रसू लागतो, आतला पाचरीसारखा त्याला अडवतो आणि बाहेरचा उभा तडकतो. दोघंही वाडगे चांगले असतात. जागा चुकलेली असते.

तिसरा नियम मला फार आवडतो. सारख्या मापाचे दोन कप असतील तर एक सरळ ठेवायचा आणि दुसरा त्यावर पालथा, तोंडाला तोंड लावून. वाटेल, कशाला? तर भाजताना कपाच्या काठाची वेडंवाकडं होण्याची प्रवृत्ती असते. दोन काठ एकमेकांवर टेकले की ते एकमेकांना गोल राखतात. बरणीचं झाकण बरणीवरच ठेवून भाजायचं, म्हणजे दोन्ही एकाच मापात आक्रसतात आणि पुढे झाकण बसतं. वेगळं भाजलेलं झाकण पुष्कळदा परकं होऊन येतं. रुंद, सपाट ताटलीखाली वाळू किंवा भाजलेल्या मातीचा भुगा पसरायचा. ताटली आक्रसताना तिला सरकायला जागा लागते. खालच्या फळीला घट्ट धरून बसली तर मध्यातून फाटते.

भट्टीतल्या फळ्या लाकडाच्या नसतात, हे सांगायला नको. आग सोसणाऱ्या मातीच्या असतात. एक थर भरला की ठोकळ्यांवर दुसरी फळी, तिच्यावर दुसरा थर. ठोकळेही त्याच जातीचे. इथे भाचीचा हट्ट असतो, फळीखाली ठोकळे तीनच. चार ठोकळ्यांत एक जरी केसभर उणा असला तरी फळी डुगडुगते. तीनवर ती कधीच डुगडुगत नाही. आपल्याला यात नवल वाटू नये. आपली चूल तीन दगडांची, देव्हाऱ्यातली अडणी तीन पायांची, तिवईचं तर नावच सांगतं. उंचसखल जमिनीवर काय टिकतं, हे आपल्या आयाबायांना भूमितीच्या पुस्तकाआधी माहीत होतं. आणि वरच्या थराचे तीन ठोकळे नेमके खालच्या तीन ठोकळ्यांच्या डोक्यावर आले पाहिजेत. तसे आले की वरचा सगळा भार ठोकळ्यातून ठोकळ्यात, सरळ भट्टीच्या तळाशी जातो. मधल्या भांड्यांवर तो येतच नाही. एखादा ठोकळा बाजूला सरकला, तर त्याखालची फळी अधांतरी भार घेते. अशी फळी तापल्यावर वाकते, प्रसंगी मोडते, आणि मोडली की खालचा आख्खा थर घेऊन जाते.

झिलईच्या भट्टीत फळ्यांना पांढरा लेप देतात, म्हणजे ओघळलेली झिलई चिकटत नाही. पहिल्या भाजणीला त्याची गरज पडत नाही. ही भांडी एकमेकांना लागली तरी चालतात. तारांपासून मात्र दोन-अडीच सेंटिमीटर लांब हवीत. शेवटी भाची एक मातीचा छोटा शंकू ठेवते. ठरावीक ताव मिळाला की तो मान वाकवतो. हर्मान झेगर नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं १८८६ साली असे शंकू प्रचारात आणले. आता अंश दाखवणारे काटे आणि आकडे आले, तरी भाची शंकू ठेवतेच. आकडा हवेचं तापमान सांगतो. मातीनं किती सोसलं, ते मातीच सांगू शकते.

आता आत काय होतं ते पाहू, म्हणजे एवढ्या काळजीचं कारण कळेल. शंभर अंशांपर्यंत मातीतली उरलीसुरली ओल जाते. हा सगळ्यात धोक्याचा टप्पा. पाण्याची वाफ झाली की ती मूळ पाण्याच्या सोळाशे-सतराशेपट जागा मागते. जाड बुडात ओल अडकलेली असेल आणि ताप भरभर चढला, तर वाफेला बाहेर पडायला सवड मिळत नाही. भांडं फुटतं, आणि त्याच्या ठिकऱ्या शेजाऱ्यांना मारतात. म्हणून सुरुवातीचे काही तास, कधीकधी सबंध रात्र, भट्टी नुसती कोमट ठेवतात आणि झाकणाला फट ठेवतात.

पुढे साधारण साडेचारशे ते सहाशे अंशांच्या दरम्यान दुसरं पाणी जातं. हे पाणी ओल म्हणून दिसत नाही. ते मातीच्या रचनेतच बांधलेलं असतं. शुद्ध चिनी मातीच्या वजनात असं पाणी सुमारे १४ टक्के असतं. म्हणजे वाळून खडखडीत झालेल्या भांड्यातही दर किलोमागे एकशेचाळीस ग्रॅमपर्यंत पाणी लपलेलं असू शकतं. ते एकदा गेलं की माती कायमची बदलते. मघाशी परतीची वाट म्हटलं, ती इथे बंद होते. याच दरम्यान, ५७३ अंशांवर, मातीतल्या गारेचे कण एकदम किंचित फुगतात, आणि निवताना त्याच ठिकाणी पुन्हा आकुंचन पावतात. भट्टी उघडायची घाई करणाऱ्यांना हा आकडा पुष्कळदा महागात पडतो. त्यानंतर मातीतला काडीकचरा, मुळ्या, कर्ब जळतो. त्याला हवा लागते. भांडी दाटीवाटीनं कोंबली असतील तर आतला कर्ब तसाच राहतो आणि पुढे झिलईला फोड आणतो. म्हणून एकमेकांवर टेकू द्यायचं, पण गुदमरू द्यायचं नाही. रचण्याची सारी कला या एका वाक्यात आली.

आता भाचीची भट्टी सोडून गावाच्या कुंभारवाड्यात जाऊ. तिथे फळ्या नाहीत, ठोकळे नाहीत, आकडा दाखवणारा काटा नाही. तिथे आवा असतो. आणि झिलई नसल्यामुळे दुसरी भाजणीही नसते. पहिली तीच शेवटची. खाली शेणी आणि लाकडांचा थर, त्यावर मोठी भांडी, बहुधा पालथी किंवा कलती. त्यांच्या मधल्या फटींत लहान मडकी, गाडगी, पणत्या, बोळकी. मध्ये मध्ये भुसा, पेंढा, पुन्हा शेणी. सगळ्यात वर गवत-पेंढ्याचं आणि मागच्या आव्यात फुटलेल्या खापरांचं पांघरूण, त्यावर राख किंवा माती. इथे भांड्यांना आधार कशाचा? भांड्यांचाच. कच्च्यानं कच्च्याला धरायचं. आणि यातली खरी अवघड गोष्ट अशी, की जळण हाही रचनेचाच भाग असतो. जळण जळून राख होतं, तशी सगळी रास हळूहळू खाली बसते. भाचीची उतरंड जागच्या जागी उभी राहते. आव्यातली उतरंड आगीत बसत जाते. ती ढासळता कामा नये, फक्त बसली पाहिजे. कोणतं भांडं कुणाच्या खांद्यावर कसं येईल, हे पेटवण्याआधी डोळ्यांसमोर आणावं लागतं.

मुंबईत धारावीच्या कुंभारवाड्यात सौराष्ट्रातून आलेल्या कुटुंबांच्या विटांच्या भट्ट्या आहेत. दाट वस्तीत, घरांच्या ओळींमध्ये. तिथे कापसाचा टाकाऊ कचरा आणि चिंध्याही जळण म्हणून वापरल्या गेल्या आहेत. भट्टी पुष्कळदा एकाची नसते, शेजारी मिळून वापरतात. म्हणजे मडक्यांचा शेजार आणि माणसांचा शेजार एकाच भट्टीभोवती असतो.

आणि ही रचणारी माणसं कोण? गावोगावच्या कुंभारवाड्यांत परंपरेनं चाक पुरुषाचं. बाईनं चाकावर बसायचं नाही, असा दंडक पुष्कळ ठिकाणी होता, काही ठिकाणी अजूनही आहे. पण माती चाळणं, मळणं, मडकी उन्हात मांडणं, पालटणं, सावलीत नेणं, शेणी थापणं, आणि आवा लागला की ओंजळीत धरून एकेक मडकं पुढे देणं, फटी बघून पणत्या खोचणं, वरून लिंपणं, यातलं बरंचसं काम बायकांचं. मडकं कुणी घडवलं, असं विचारलं तर चाकावर बसलेल्याचं नाव सांगतात. ते बरोबरच आहे. पण घडवलेलं मडकं आगीतून आख्खं बाहेर काढलं कुणी, असा प्रश्न आपण विचारत नाही. त्यामुळे त्याचं उत्तर कुणाला द्यावं लागत नाही. आज शहरांतल्या स्टुडिओंत बायका चाकावर बसतात, याचा मला आनंद आहे. पण चाकाची बंदी उठली म्हणून आव्याकाठच्या पिढ्यान् पिढ्यांच्या कामाची नोंद झाली, असं होत नाही. ती वेगळी करावी लागेल.

दुसऱ्या भाजणीचंही थोडं सांगते, कारण तिच्याशेजारी ठेवल्याशिवाय पहिलीचं मोल कळत नाही. इराणात काशान नावाचं शहर आहे. झिलईच्या भांड्यांसाठी आणि फरश्यांसाठी ते जुन्या काळापासून प्रसिद्ध. तिथल्या कुंभारांच्या एका नामांकित घराण्यात जन्मलेल्या अबुल कासिम यानं १३०१ साली फारसीत एक ग्रंथ लिहिला. त्यात रत्नं आणि सुगंध यांच्याबरोबर या कलेवरही एक प्रकरण आहे. त्याची भट्टी बुरुजासारखी उंच. आतल्या भिंतीत भोकं, भोकांत भाजलेल्या मातीच्या लांब खुंट्या बसवलेल्या, आणि त्या खुंट्यांच्या ओळींवर भांडी. प्रत्येक भांडं मातीच्या झाकणबंद डब्यात. बारा तास एकसारखी आग. आधीचा धूर थांबल्याशिवाय नवं लाकूड घालायचं नाही, नाहीतर भांडी काळवंडतात. आणि आठवडाभर निवल्यावरच बाहेर काढायची. सातशे वर्षांपूर्वी तो माणूस खुंट्या, डबे आणि धूर यांचा हिशेब लिहून ठेवतो, याचं मला मोठं अप्रूप वाटतं. रंगांची तारीफ करणारे पुष्कळ असतात. खुंट्यांबद्दल लिहायला घरचाच माणूस लागतो.

त्या भट्टीत प्रत्येक भांडं वेगळं का? कारण झिलई वितळते. वितळलेल्या झिलईची दोन भांडी एकमेकांना लागली की निवल्यावर जन्माची चिकटतात, सोडवायला गेलं तर दोन्ही फुटतात. म्हणून दुसऱ्या भाजणीत मध्ये निदान थोडी फट ठेवावीच लागते. पहिल्या भाजणीत हे बंधन नाही. तिथे वाडग्यात वाडगा, कपावर कप, बरणीच्या पोटात चार बोळकी, सगळं चालतं. म्हणून पहिल्या भाजणीत त्याच भट्टीत कितीतरी जास्त भांडी मावतात. चकाकी चढेपर्यंत एकमेकांवर टेकता येतं, चकाकी चढल्यावर अंतर राखावं लागतं. हे मी मातीबद्दल सांगते आहे. पण साहित्य संमेलनांना गेलं की मला ते हटकून आठवतं.

भाजून झालेलं भांडं पक्कं की कच्चं, हे वाजवून बघतात. आपल्या भूमीत ही परीक्षा फार जुनी असावी. अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरेकाठी जोर्वे नावाचं गाव आहे. तिथे १९५०-५१ साली उत्खनन झालं आणि तांबड्या रंगावर काळी नक्षी असलेली तीन हजार वर्षांपूर्वीची खापरं मिळाली. ती इतकी उत्तम भाजलेली, की टिचकी मारली तर धातूसारखी वाजतात. पुणे जिल्ह्यात इनामगावला तर त्याच संस्कृतीच्या वस्तीत कुंभाराची भट्टीही सापडली. कुराणात माणूस कशापासून घडवला हे सांगताना मातीला दिलेली उपमा आहे, मडक्यासारख्या वाजणाऱ्या मातीची. आणि तेरच्या गोरोबाकाकांची आख्यायिका तर मराठी मुलखात कुणाला सांगायला नको. संत जमले होते. मुक्ताबाईनं थापटणं काय असतं म्हणून विचारलं आणि गोरोबांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारून कच्चं-पक्कं पारखलं. नामदेवांचं मडकं कच्चं निघालं.

ही गोष्ट आपण सांगतो ती थापटण्यापाशी थांबवून. मला तिचा पुढचा भाग महत्त्वाचा वाटतो. कच्चं ठरल्यावर नामदेवांना कुणी फोडलं नाही. ते विसोबा खेचरांकडे गेले. म्हणजे कच्च्याला टेकायला जागा मिळाली, आणि मग ते जे झाले ते आपण जाणतोच. वाजवून पाहणारे आपल्याकडे कमी नाहीत. परीक्षा, मुलाखती, स्पर्धा, निकाल, सगळीकडे टिचक्या मारणं चालू आहे. पोर कच्चं निघालं की दोष पोराचा. त्याच्यावर भार काठावर ठेवला होता की बुडावर, त्याला आक्रसायला जागा दिली होती का, आत ओल असताना ताप भरभर चढवला का, हे कुणी विचारत नाही. मातीत खोट असू शकते, नाही असं नाही. पण माझ्या भाचीच्या भट्टीत फुटलेल्या भांड्यांचे तुकडे बघून ती आधी विचारते, “हे कुठे ठेवलं होतं?” मातीला शिव्या ती त्यानंतर देते.

भट्टी उघडते तेव्हा सगळ्यांचं लक्ष भांड्यांकडे असतं. भाची मात्र भांडी काढून झाली की ठोकळे गोळा करते, पुसते, तडा गेला आहे का बघते, मापाप्रमाणे लावून ठेवते. ते दर वेळी आत जातात, दर वेळी तेवढाच ताप सोसतात, आणि कधीच विकले जात नाहीत. प्रदर्शनात कुणी त्यांच्याबद्दल विचारत नाही. तिच्याकडचे काही ठोकळे पहिल्या भट्टीपासूनचे आहेत.

श्रोतेहो, उन्हाळा आला की आपण माठ घ्यायला बाजारात जातो. दहा माठ वाजवतो, फिरवून बघतो, आणि अंगावर काळा डाग दिसला की तो बाजूला सारतो. पुढच्या वेळी जरा थांबा. तो डाग बहुधा जळण टेकल्याचा किंवा धुराचा असतो, नाहीतर तिथे शेजारचं मडकं लागून राहिलेलं असतं आणि तेवढ्या जागी हवा पोचलेली नसते. माठ नीट वाजत असेल, पाझर बरोबर असेल, तर त्या डागानं पाण्याच्या गारव्यात काही उणं येत नाही. घासाघीस करायची तर किंमतीवर करा, डागावर नको. आणि मडकी मांडून बसलेल्या बाईला एवढं विचारा, आवा कुणी रचला होता. ती बहुधा आधी हसेल. मग सांगेल.